दीड कोटी आणि पहिली पायरी

रत्नागिरीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. वय ५२, खासगी नोकरी, ५८व्या वर्षी निवृत्ती. मुलगी बारावी सायन्स झाली आहे, तिला मरीन बायोलॉजीच (सागरी जीवशास्त्र) करायची आहे आणि ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात तीन वर्षांच्या बीएस्सीची ऑफर हातात आहे. पैशांची जुळणी त्यांनी अशी केली आहे: गावचा प्लॉट विकून ५५ लाख, पीएफमधून ३० लाख, उरलेले ६० लाख शैक्षणिक कर्ज. "पैशापायी पोरीचं अडू नये असं वाटतं. करू का?" सोबत मुलीच्या वहीतल्या एका पानाचा फोटो आहे.

आधी त्या पानाबद्दल. त्यावर तिथी लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, चतुर्थीला तीन, असा आपल्याकडचा जुना हिशोब आहे. त्याच्या खाली "भाट्ये, ओहोटी, दोन खेकडे, एक ओळखता आला नाही" अशी नोंद. टीव्हीवर डॉल्फिन बघून या विषयाला जाणारी मुलं मी पाहिली आहेत, ही त्यातली नाही. तेव्हा विषय बदला असं मी म्हणणार नाही. माझी हरकत पैसे कुठल्या टप्प्यावर ओतायचे याला आहे.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत वर्षाची फी ५२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. डॉलर ६० रुपयांचा धरला तर ३१ लाख. राहण्या-खाण्यासाठी व्हिसावाल्यांनाच वर्षाचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे आणखी १८ लाख. तीन वर्षांचे झाले १ कोटी ४७ लाख. विमान, आरोग्य विमा, दरवर्षीची फीवाढ आणि रुपयाची घसरण यात नाही. तुमच्या तिन्ही रकमांची बेरीज १ कोटी ४५ लाख होते. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही काठावर आहात. अर्धवेळ काम मिळतं, हे खरं. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची परवानगी असते. त्यातून भाडं आणि किराणा बराचसा निघेल, फी नाही.

तुमच्या कन्सल्टंटने एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. (या मंडळींना बऱ्याचदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून त्यांचं ऐकावं.) ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या बीएस्सीवर सहसा थेट पीएचडीला घेत नाहीत. त्याआधी ऑनर्सचं वेगळं वर्ष किंवा मास्टर्स लागतं. म्हणजे निदान आणखी एक वर्ष, आणखी ४९ लाख. आणि या क्षेत्रात संशोधक म्हणून उभं राहायचं तर पीएचडीवाचून गत्यंतर नाही.

आता कर्ज. ६० लाख तीन समान भागांत उचलले, व्याज साडेदहा टक्के, शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्त्याला सवलत. या काळातलं सरळव्याज १८ लाख ९० हजार. हप्ता सुरू होताना डोक्यावर जवळपास ७९ लाख, आणि दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे १ लाख ६ हजार. तेव्हा तुम्ही ५६ वर्षांचे असाल. दहापैकी आठ वर्षांचे हप्ते निवृत्तीनंतर येतात, तेही पीएफमधले ३० लाख आधीच गेलेले असताना. व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट, ज्याला आपण ८०ई म्हणतो, ती नव्या करप्रणालीत नाही. मुलगी फेडेल म्हणाल, तर भारतात संशोधनाला लागलेल्या मुलाची जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची सरकारी फेलोशिप, महिना ३७ हजार असते.

पण हा ३७ हजारांचा आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचा. पीएचडीला पैसे भरायचे नसतात, मिळतात. परदेशातही चांगल्या विद्यार्थ्याला फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळू शकतं. मास्टर्सलाही युरोपात इरास्मस मुंडस ही युरोपीय संघाची शिष्यवृत्ती आहे, महिना १,४०० युरो; बेल्जियमच्या घेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा सागरी जैवसंपत्तीचा अभ्यासक्रम त्यातलाच. थोडक्यात, या विषयात वर चढाल तसा दुसऱ्याचा पैसा मिळण्याची शक्यता वाढते. तुम्ही मात्र घरचे दीड कोटी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवताय.

ती पायरी तुमच्या गावात आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, चार वर्षांचं बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी. घरचं जेवण, घरची दुचाकी. शुद्ध जीवशास्त्रच हवं असेल तर प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि मग एमएस्सी गोवा विद्यापीठात, कोचीच्या कुसॅट या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात, नाहीतर तमिळनाडूत परंगीपेट्टैला, जिथे अण्णामलाई विद्यापीठाचं केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशीच आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे प्रकल्पांवर काम मिळवता येतं. या सगळ्याला हात सैल सोडून मी १५ लाख धरतो. उन्हाळ्यात तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करू द्या, त्याचेही पैसे यातच बसतील.

मोठ्या विद्यापीठाचं मोल मी नाकारत नाही. क्वीन्सलँडचं स्वतःचं संशोधन केंद्र हेरॉन बेटावर आहे, तेही ग्रेट बॅरियर रीफवरच. असलं काही शिरगावला नाही. पण तिथल्या पहिल्या वर्षात शेकडो मुलांबरोबर रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्राची लेक्चर्स असतात. बेटाचा खरा उपयोग पुढे होतो. तिला पाठवायचंच असेल तर मास्टर्सला पाठवा. तेव्हा शिष्यवृत्ती मिळालीच नाही, तर प्लॉट असेल आणि २० लाखांपर्यंतचं कर्जही पेलेल.

प्लॉटवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की सातबाऱ्यावर अजून दोन चुलत्यांची नावं आहेत. असा प्लॉट व्हिसाच्या तारखा सांभाळून विकायला निघालात तर गिऱ्हाईक तुमची घाई ओळखतं, आणि ५५चे ४० होतात. वाटणी आणि फेरफार आत्तापासून करून घ्या, विक्री राहू दे. पीएफला हात लावू नका.

ऑफर पुढे ढकलता येते का, ते कन्सल्टंटला न विचारता विद्यापीठालाच मुलीच्या मेलवरून विचारा. व्हिसाची फी आता २ हजार डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही, तेव्हा उत्तर येईपर्यंत अर्ज भरू नका.

आणि मुलीला सांगा, अष्टमीपुढे साडेसात लिहिलंय, ती वेळ दशमीची. अष्टमीला सहा.