नवीन आणलेले हिलस्ट्रीम लोच मासे नेमके कोणते हे कसं ओळखू, आणि त्यांना टँकमध्ये कसं रुळवू?

अंगावर काळ्या-पिवळसर रेघांची जाळी असेल तर बहुधा सेवेलिया लिनिओलाटा, मूळचा व्हिएतनामचा. फिकट अंगावर गडद ठिपके असतील तर चीनमधला ब्यूफोर्टिया. गडद अंगावर फिकट ठिपके असतील तर बोर्निओचा गॅस्ट्रोमायझॉन. फक्त आणल्या दिवशी रंगावरून ठरवू नका, प्रवासाच्या ताणाने रंग उडतो. एक-दोन दिवसांनी दगडावर बसलेला असताना वरून फोटो काढा.

नाव नक्की झालं नाही तरी निगा साधारण तीच. हे वाहत्या ओढ्यांतले मासे, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. पॉवरहेडचा (टँकमध्ये पाणी जोरात फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत गुळगुळीत गोट्यांवरून जाऊ द्या, तापमान २० ते २४ अंश ठेवा. टँक जुना, सायकल झालेलाच (म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू आधीच रुजलेला) हवा, कारण दगडांवरचा शेवाळाचा पातळ थर हेच त्यांचं मुख्य खाणं. नव्या चकचकीत टँकमध्ये ते हळूहळू उपाशी मरतात आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून ते काचेला चिकटले की पोट बघत जा. आत गेलेलं दिसलं तर दिवा बंद केल्यावर बुडणारं वेफर (माशांच्या खाद्याची चकती) टाका.

आणि झाकण घट्ट लावा, ओल्या काचेवरून हे सहज वर चढतात.