वाचकांचे प्रश्न : स्क्रीन काळी, मशीन मात्र चालू

या वेळचे सगळे प्रश्न लिनक्स डेस्कटॉपवर कोसळणाऱ्या डिस्प्लेचे आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करा.

प्रश्न : रात्री अपडेट मारले. सकाळी लोगो येतो, मग काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात नुसता लुकलुकणारा कर्सर. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे आहे. सगळी सिस्टीम नव्याने टाकू का?

अजिबात नको. नव्याने टाकलीत तर बिघाड कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा हाच खेळ. आधी कंट्रोल, आल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. लॉगिन मागणारी साधी, अक्षरांची स्क्रीन आली तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठणठणीत आहे. कोसळलाय तो त्याच्यावरचा ग्राफिक्सचा थर.

मग रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल चालवायचा ते विचारणाऱ्या बूट प्रोग्रामचा, मेनू आणा. तो आपोआप येत नसेल तर बूट होताना एस्केप दाबा, पण एकदाच. सारखे दाबत राहिलात तर ग्रबच्या कमांड लाइनवर जाऊन पडाल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप नीट आला तर बहुतेक वेळा एकच अर्थ निघतो : नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा त्याचा भाग, तयार झालेले नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, प्रत्येक कर्नलसाठी त्याचे मॉड्यूल वेगळे बांधावे लागते. हे काम डीकेएमएस नावाचे साधन करते आणि त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइल, म्हणजे बांधणीसाठी लागणारा त्याचा तपशील, लागतात. अपडेटमध्ये कर्नल आला, हेडर राहिले, की स्क्रीन काळी.

‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे आणि नव्याचे नावच नाही, असे दिसले तर नव्याचे हेडर पॅकेज टाका आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ द्या. इथे बरेच जण फसतात. ही कमांड चालू असलेल्या, म्हणजे तुमच्या बाबतीत जुन्याच, कर्नलसाठी काम करते. पुढे ‘-के’ लावून नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक द्यायला हवा. बांधणीच अर्ध्यात मोडली तर कारण ड्रायव्हरच्या बिल्ड फोल्डरातल्या ‘मेक.लॉग’मध्ये सापडते. ड्रायव्हर जुना आणि कर्नल फार नवा, असे असेल तर नवा ड्रायव्हर येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहणे हाच शहाणपणा. उबुंटूवर ‘डीकेएमएस स्टेटस’ रिकामे आले तर घाबरू नका, तिथे पुष्कळदा आधीच बांधलेली मॉड्यूल पॅकेजमधून येतात. मग नव्या कर्नलचे ते पॅकेज उतरले आहे का, एवढेच पाहायचे.

मॉड्यूल तयार आहे, तरी ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले, तर अडवणारा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीशिवाय काही चालू न देणारा पहारेकरी, आहे. मॉड्यूलवरची सही त्याच्या ओळखीची नाही. ‘मोकयुटिल’च्या ‘इम्पोर्ट’ पर्यायाने सहीची चावी नोंदवा. तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. तेवढ्यात चहाला उठलात तर मशीन तसेच पुढे निघून जाते आणि नोंदणी पुन्हा पहिल्यापासून.

जुना कर्नलही काळाच राहिला तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ10 दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो आणि तसाच असू द्या. कायमचा लावून ठेवलात तर एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कार्डाला हातच लावत नाहीत, सगळी चित्रे प्रोसेसर काढत बसतो आणि मग ‘लिनक्स हळू चालते’ ही नवी तक्रार येते.

प्रश्न : गेम खेळताना चित्र एकदम गोठते, आवाज मात्र चालू राहतो. शेवटी पॉवरचे बटण दाबून बंद करावे लागते. ड्रायव्हर तीन वेळा बदलला.

आवाज चालू आहे म्हणजे कर्नल जिवंत आहे, अडकले आहे ते फक्त कार्ड. बटण लगेच दाबू नका. एसएसएच आधीपासून चालू ठेवले असेल तर दुसऱ्या मशीनवरून आत शिरून ‘सुडो डीमेसेज’ने (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) कर्नलचे संदेश पाहता येतात. ते नसेल तर आल्ट आणि सिस-आरक्यू (बहुतेक कीबोर्डांवर हेच प्रिंट स्क्रीनचे बटण) दाबून धरा आणि एस, यू, बी या क्रमाने, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत, दाबा. तुमच्या सिस्टीमवर या कळांची सोय चालू असेल तर डिस्कवरचे लिखाण पुरे होऊन मशीन रीस्टार्ट होते. मग ‘जर्नलसीटीएल -के -बी -1’ चालवा. शेवटचा ‘-1’ महत्त्वाचा, त्याने गोठलेल्या सत्राचा लॉग दिसतो, आताच्या नव्हे.

एनव्हिडिया असेल तर ‘एक्सआयडी’ शब्द शोधा. त्यापुढचा आकडा म्हणजे निम्मे निदान. 13 किंवा 31 असेल तर संशय गेमवर किंवा ड्रायव्हरवर घ्या. 79 असेल आणि पुढे ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’ लिहिले असेल तर ड्रायव्हर बदलणे थांबवा. कार्डाचा मदरबोर्डाशी संपर्कच तुटला आहे. कारण बहुधा वीज, उष्णता किंवा सैल बसलेले कार्ड.

मशीन बंद करून कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा, रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणारी) असेल तर ती वगळून पाहा. मग विजेकडे वळा. स्लॉटमधून 75 वॅट, 6 पिनच्या जोडातून 75 आणि 8 पिनच्या जोडातून 150 वॅट, असा ठरलेला हिशेब आहे. दोन 8 पिनच्या जागा असलेल्या कार्डाला एकाच केबलची दोन तोंडे लावलेली असतील तर सगळा भार एका केबलवर येतो. पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल ओढा. खात्री करायची सोपी युक्ती : ‘सुडो एनव्हिडिया-एसएमआय -पीएल’पुढे कार्डाच्या मर्यादेपेक्षा 50-60 वॅट कमी आकडा द्या आणि खेळून पाहा. गोठणे थांबले तर दोष विजेच्या बाजूला.

एएमडीवर याच लॉगमध्ये ‘रिंग जीएफएक्स’ आणि ‘टाइमआउट’ असे शब्द भेटतील. तिथे आधी ओव्हरक्लॉक, म्हणजे कार्डाचा मुद्दाम वाढवलेला वेग, पूर्ण काढा, मग मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा खुला संच) आणि कर्नल नवे करून पाहा.

प्रश्न : स्लीपमधून उठवल्यावर खिडक्यांच्या जागी रंगीत कचरा दिसतो. एनव्हिडिया.

झोपताना कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपला जात नाही. ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात एक फाइल करून ‘ऑप्शन्स एनव्हिडिया’पुढे ‘एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअलोकेशन्स=1’ लिहा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलबरोबर लोड होणारी फाइल) पुन्हा बांधा आणि एनव्हिडियाच्या सस्पेंड व रिझ्यूम या दोन्ही सर्व्हिस ‘एनेबल’ करून ठेवा. हा मजकूर तात्पुरता ‘टेम्प’ (स्पेलिंग टी-एम-पी) फोल्डरात उतरतो. तुमच्या सिस्टीमवर ते रॅममध्ये असेल आणि कार्डाची मेमरी मोठी असेल तर तो मावत नाही. मग त्याच ओळीत ‘एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ’ला ‘व्हार’मधल्या ‘टेम्प’चा रस्ता द्या.

प्रश्न : जीटीएक्स 1060 आहे. कंपनीच्या साइटवरची ‘रन’ फाइल टाकावी का?

नको. ती पॅकेज मॅनेजरला न सांगता फाइली पसरवते आणि पुढच्या अपडेटला दोन ड्रायव्हर एकमेकांवर चढतात. तुमच्या लिनक्स वितरणाचेच (उबुंटू वगैरे) पॅकेज घ्या, पण ड्रायव्हरची शाखा, म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा, पाहून : तुमच्यासारख्या पास्कल पिढीच्या कार्डांना चालणारी शेवटची शाखा 580 आहे. 590 टाकलात तर कार्ड ओळखलेच जाणार नाही.