‘मी कामात चांगली होते, प्रमुख म्हणून वाईट ठरले’

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंनी बसल्या बसल्या हे वाक्य उच्चारलं आणि पुढचा पाऊण तास त्याचेच पुरावे दिले. (ही हकीकत अशा अनेक तक्रारींतून जुळवली आहे, कुणा एकीची ओळख त्यात नाही.) नऊ वर्षं हिशेब तपासणीचं काम चोख केलेलं, त्याच विभागाच्या प्रमुख होऊन अकरा महिने झालेले. हाताखाली सात जण, त्यांतले चार कालपर्यंत बरोबरीचे. रात्री उशिरापर्यंत इतरांच्या फायली दुरुस्त करायच्या, पहाटे तीनला जाग यायची. प्रश्न एकच : राजीनामा द्यावा, की जुन्या जागेवर परत जावं?

पहिल्या भेटीत त्या प्रश्नाला हात लावला नाही. आधी झोप, भूक, चिडचिड यांची चौकशी केली. उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं सलग दोन आठवडे जवळजवळ रोज असेल, तर पदाचं नंतर बघू, आधी डॉक्टर. इथे तसं नव्हतं. सुट्टीला जोडून सुट्टी आली की त्यांना गाढ झोप लागायची.

मग दहा कामाच्या दिवसांची नोंद मागितली. दर अर्ध्या तासाला एक खूण : जुनं काम, दुसऱ्याचं काम दुरुस्त करणं, किंवा फक्त प्रमुखालाच करता येईल असं काम. रोजचे साधारण बावीस अर्धे तास भरले. त्यांतले पंधरा पहिल्या दोन प्रकारांत, चार बैठका आणि पत्रव्यवहारात, प्रमुखाच्या कामाला उरले तीन.

याला नुसती सवय म्हणणं बरोबर नाही. हिशेब जुळला की संध्याकाळी कळतं, आज काम झालं. माणूस तयार करण्याचं फळ मात्र काही महिन्यांनी दिसतं, आणि मधल्या काळात ‘छान’ म्हणणारं कुणी नसतं. मग मन जिथे पावती लगेच मिळते तिथेच धावतं.

‘हे तोतयेपणाचं भय तर नाही?’ असं त्यांनीच विचारलं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडलेली ही कल्पना (आपण लायक नाही आणि ते कधीतरी उघड होईल, अशी कर्तबगार माणसालाही वाटणारी भीती) आता सर्रास वापरली जाते. आमचं मत जरा वेगळं आहे. नव्या प्रमुखाच्या भीतीतला काही भाग खराच असतो : हे काम त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं, कारण बढती मिळते ती जुनं काम उत्तम केल्याबद्दल. अशा वेळी ‘तुम्ही समर्थ आहात, हे सगळं मनाचे खेळ’ असा धीर देऊन काही साधत नाही.

काम सोपवायचा पहिला प्रयत्न फसला. एका सोमवारी त्यांनी तीन कामं तोंडी वाटली, ‘हे आता तुम्ही बघा’ एवढंच सांगून. दोन अर्धवट परत आली आणि ‘बघा, म्हटलं होतं ना’ हे त्यांचं मत पक्कं झालं. मुळात चार गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या : पूर्ण झालेलं काम कसं दिसतं, कधीपर्यंत हवं, न विचारता काय ठरवता येईल, आणि मध्ये कधी बघायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि तीच नसली की माणूस दर तासाला दारात उभा राहतो.

दुसऱ्यांदा एकच काम दिलं, अर्ध्या पानावर लिहून. नऊ दिवसांचं काम, म्हणून तपासणी तिसऱ्या दिवशी. शेवटी तपासलं तर वळवायला वेळच उरत नाही. तपासताना पेन हातात घ्यायचं नाही, चूक दाखवायची, दुरुस्त करायची नाही. (हात शिवशिवतात, हे त्यांचेच शब्द.) त्या स्वतः हेच काम चार दिवसांत करत. पुढच्या महिन्यात त्याच माणसाला सहा लागले.

दुसरी गळती बारीक होती. ‘मॅडम, इथे अडलंय’ असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘ठेवा, बघते.’ तेवढ्यात काम टेबल बदलायचं. त्याऐवजी ‘तुम्हाला कोणते दोन मार्ग दिसतात?’ असं विचारून दहा अंक मनात मोजत गप्प बसायचं ठरलं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका ज्येष्ठ सहकाऱ्यापायी. ही जागा त्यांनाही हवी होती. अकरा महिने मॅडम त्यांना टाळत होत्या, सोपी कामं देऊन. संभाषणाची तालीम आम्ही भूमिका बदलून दोनदा केली. वाक्यं ठरली ती अशी : ‘ही जागा तुम्हालाही हवी होती, मला माहीत आहे. त्यावर बोलायचं तर अवश्य बोलू. पण महिनाअखेरचा अहवाल तीनदा उशिरा आला, त्यामुळे पुढचं सगळं खोळंबलं. पुढच्या वेळी तो तीन तारखेला हवा.’ घटना, परिणाम, अपेक्षा. ‘निष्काळजी’सारखं एकही विशेषण नाही. पुढचा अहवाल एक दिवस उशिरा आला, त्यानंतरचा वेळेवर. जुना मोकळेपणा परत आला नाही. तो येईल असं आम्हीही सांगितलं नव्हतं.

सात जणांना दर पंधरवड्याला अर्धा तास, म्हणजे साडेतीन तास. ते दुरुस्तीच्या वेळातूनच काढले. भेट रद्द करावी लागली तर नवी तारीख त्याच दिवशी द्यायची. दोनदा नुसतीच पुढे ढकलली की लोक मनातलं सांगणं थांबवतात.

तीन महिन्यांनी पुन्हा नोंद घेतली : जुनं काम आणि दुरुस्ती मिळून सात अर्धे तास, प्रमुखाचं काम नऊ. पहाटेची जाग आठवड्यातून एखाद्या वेळी. शेवटच्या भेटीत राजीनाम्याचा विषय निघाला नाही. आठ दिवसांच्या रजेत विभाग कुणाकडे द्यावा, यावर त्या अडल्या होत्या. अर्ध्या पानाचा कागद लिहून आणला होता. न विचारता काय ठरवता येईल, ती ओळ अजून रिकामी होती.