बोटीवरचा माणूस सुट्टीवर येतो तेव्हा

"मॅडम, वर्षभर वाट बघायची आणि आल्यावर पंधरा दिवसांत भांडणं." व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांच्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला हेच घेऊन येतात. सोलापुरात शेजारीपाजारी या नोकरीतलं कुणी नसतं. डॉलरमधला पगार सगळ्यांना दिसतो, बाकीचं तिनं कुणाला सांगायचं?

जुळे सोलापुरातलं एक जोडपं (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत). तो तेलवाहू जहाजावर चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी.

"हे पहाटे साडेतीनला उठून गॅलरीत उभे राहतात, दिवसा झोपतात. जागे असले की माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात," ती म्हणाली.

"मी काही नीट लावायला गेलो की सगळे गप्प होतात," तो म्हणाला.

पहाटेच्या जागण्याचं मला नवल वाटलं नाही. बऱ्याच जहाजांवर चीफ ऑफिसरचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार ते आठ असतो, पहाटे आणि संध्याकाळी. शरीराला घरी रुळायला वेळ लागतो, त्यावरून संशय घेऊ नये. अडलं होतं दुसरीकडेच.

"नव्या जहाजावर चढलात की लगेच हुकूम सोडता?" मी विचारलं.

"छे! आधी हँडओव्हर. उतरणारा ऑफिसर नोट्स देतो, सोबत फिरून दाखवतो, कुठला पंप त्रास देतो, कुठला व्हॉल्व्ह गळतो. मग मी सही करतो."

"मग घरचा हँडओव्हर?"

तो बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. "मागितलाच नाही मी," म्हणाला. ती रडायला लागली.

मी एकट्या माणसात दोष शोधत नाही, घराची मांडणी बघते, आणि इतक्या वर्षांत ही नजर क्वचितच चुकली आहे. तो नसताना घर तिच्याभोवती बसलं होतं. हुकूम सोडून तो त्यात आपली जागा मागत होता.

तिनं वहीच्या मागच्या पानांवर हँडओव्हर लिहिला. सासूबाईंची बीपीची गोळी बदललीय. धाकटा गणिताच्या सरांना घाबरतो. नणंदेला दिलेल्या उसन्या पैशांचा विषय आईंसमोर काढायचा नाही. हे शेवटचं त्याला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळचे चार ते आठ मुलांसाठी, हे त्यानं आपणहून ठरवलं.

अशा घरांना मी सांगते, पहिले दोन आठवडे प्लॉट, कर्ज, शाळा यांचे निर्णय नकोत. तो जहाजावर असताना वाईट बातमी लपवू नका, पण आपण त्यावर काय केलं तेही त्याच फोनवर सांगा. अर्धवट ऐकलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि पहाटे वॉचवर उभा राहतो. "अजून थोडे महिने थांब" असं कंपनी म्हणाली, तर पगाराकडे बघून घरच्यांनी आग्रह धरू नये. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानं बारा महिन्यांच्या आत घरी परतण्याचा हक्क दिलाय, तोही कंपनीच्या खर्चानं.

महिना उलटूनही झोप नसेल, पिणं वाढलं असेल, मरणाची भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पुढच्या वेळी जहाजावर चढण्याआधीच्या मेडिकलला अडकू या भीतीनं कितीतरी जण गप्प राहतात, आणि मालवाहू जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो. उपचार सुट्टीतच सुरू करा.