विघटन, घडी आणि घड

प्रश्न असा आलाय की "सॅनिटायझरमधलं अल्कोहोल विषाणूच्या प्रथिनांचं विघटन करतं" हे वाक्य बरोबर आहे का, डीनेचरेशनला, म्हणजे प्रथिनाचा मूळ आकार मोडण्याला, विघटन म्हटलेलं चालेल का.

नाही चालणार. पोस्टरवर, बातम्यांत सगळीकडे हेच चाललंय आणि दर वेळी चिडचिड होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, तिचे तुकडे पाडतं ते पोटातलं पेप्सिन, त्याला खुशाल विघटन म्हणा. अल्कोहोल साखळीला हातच लावत नाही, मोडते ती फक्त तिची घडी, म्हणजे साखळी ज्या ठरावीक आकारात दुमडलेली असते तो आकार. वाटीत अंड्याचा पांढरा बलक घ्या आणि वरून स्पिरिट ओता, काचेसारखा बलक जिथे स्पिरिट लागेल तिथे पांढऱ्या दोऱ्यांसारखा थिजतो. पाण्याला टाळणारे जे भाग साखळीने आत दडवलेले असतात त्यांना अल्कोहोलमध्ये बाहेर यायला काही वाटत नाही, मग उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात, बस. साखळी अख्खीच.

डीनेचरेशनसाठीचं पाठ्यपुस्तकातलं 'विकृतीकरण' मला बिलकूल पटत नाही, त्यात कसली तरी घाण झाल्याचा वास येतो. नव्या साडीची आपण घडी मोडतो ना, तेच क्रियापद इथे हवं!

आता खरी गंमत. संस्कृत घट् म्हणजे जुळणं, घडून येणं. स्वरांमधल्या ट चा मराठीत ड होतो (वट-वड, कटु-कडू), म्हणून घडणे. माझ्या मते कापडाची घडी इथलीच. एका जाणकारांनी मला ठासून सांगितलं की ती वेळेच्या घडीसारखी घटीवरून आली. अहो, वेळेची घडी पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्राची, कापडाचा तिथे काय संबंध? आणि केळ्यांचा घड मी 'घटा' म्हणजे समूह, त्याच्याशी जोडतो, अर्थात तोही घट् चाच.

हे सगळं एकाच प्रथिनात बघायचं तर मधमाशीच्या विषातलं मेलिटिन घ्या, 26 अमिनो आम्लांचं छोटंसं. खारट पाण्यात चार-चार मिळून त्यांचा घड होतो, प्रत्येकाला मळसूत्रासारखा पीळ. मिथेनॉलमध्ये घातलं की घड सुटतो, चारही एकेकटे, पण पीळ तसाच! कारण साखळीचे स्वतःशी असलेले, पीळ धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तोडायला पाणी जेवढं टपलेलं असतं तेवढं अल्कोहोल नसतं. म्हणजे घड सुटला तरी घडी मोडेलच असं नाही, आणि हे जे घड सुटणं आहे ना, घटक घटकापासून वेगळा होणं, त्याला वि-घटन हा शब्द अगदी चपखल बसतो. तिथे वापरा की!

आणि अल्कोहोलने साका बसला म्हणजे घडी मोडलीच असंही धरू नका. 1940 च्या दशकात हार्वर्डमध्ये एडविन कोहन यांनी रक्तद्रवातून अल्ब्युमिन हे प्रथिन वेगळं काढलं ते 40 टक्के इथेनॉलमध्येच, फक्त उणे 5 अंशांवर. त्या थंडीत ते साकळून तळाशी बसतं आणि पुन्हा पाण्यात विरघळवलं की घडी शाबूत.