खनिजाची ‘कपात’ होत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या एका मित्राकडे कंपनीच्या इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. त्यातलं एक वाक्य त्याला खटकलं: ‘नैसर्गिक वायूद्वारे उत्तम खनिजाची थेट कपात करून लोह निर्मिती.’ ‘कपात’ऐवजी ‘घट’ चालेल का, असं तो विचारतो.

‘घट’ही चालणार नाही, पण आधी ‘उत्तम’ काढा. मूळ इंग्रजीतल्या ‘फाइन ओअर’ (ओअर म्हणजे खनिज) मधलं ‘फाइन’ म्हणजे बारीक. गोवा-रेडीकडच्या खाणधंद्यात ‘लम्प’ (ढेकळं) आणि ‘फाइन्स’ असे दोन प्रकार सर्रास बोलले जातात. साधारण 10 मिलिमीटरच्या आतलं ते फाइन्स. त्याची प्रत चांगली की हलकी, हा प्रश्नच वेगळा. ‘भुकटी’ म्हणावंसं वाटेल, पण भुकटीत पिठूळ माल डोळ्यांपुढे येतो आणि फाइन्समध्ये हरभऱ्याएवढे दाणेही असतात. म्हणून ‘चुरा’ बरा.

या चुऱ्यापायीच सगळा खटाटोप आहे. उभ्या भट्टीत तो नुसता ओतला तर वायूला वर जायला वाट राहत नाही. मग एक तर त्याच्या गोळ्या वळून त्या भाजून घ्यायच्या, नाहीतर खालून वायूचा इतका जोर लावायचा की दाणे अधांतरी राहतील. गुऱ्हाळातल्या काहिलीत रस खदखदतो तसा कोरडा चुरा खदखदायला लागतो आणि दाण्यादाण्याला वायू भिडतो. व्हेनेझुएलात वापरलेली फिनमेट पद्धत या दुसऱ्या जातीची: चुरा एकापाठोपाठ चार पात्रांतून खाली उतरतो, वायू उलट्या दिशेने वर चढतो.

आता ‘कपात’, म्हणजे मुळातलं ‘रिडक्शन’. कपात पगारात होते, विजेत होते. इथे खनिजातला ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि त्याला आपल्या शालेय पुस्तकांतला रुळलेला शब्द आहे, ‘क्षपण’. (हिंदीत ‘अपचयन’ म्हणतात, ते उसनं आणायचं कारण नाही.) ‘क्षपण’ म्हणजे क्षय करणं, झिजवून संपवणं. आपल्याकडच्या जैन घरांत कर्माच्या संदर्भात हा शब्द कानावरून गेलेला असतो. मित्राचा ‘घट’ अर्थाने जवळ वाटतो खरा, कारण 160 ग्रॅम शुद्ध हेमेटाइटमधून (लोखंड आणि ऑक्सिजन मिळून झालेल्या खनिजातून) 48 ग्रॅम ऑक्सिजन गेला की 112 ग्रॅम लोखंड उरतं. पण गुजरीतल्या सराफाला विचारा, घट म्हणजे धातूच कमी भरणं. क्षपणात धातू जागेवरच राहतो, जातो तो ऑक्सिजन. फौंड्रीवाल्याने ‘घट’ वाचलं तर तो नुकसान किती टक्के म्हणून विचारेल!

‘थेट’ मात्र राहू द्या, तो नेमका आहे. झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेसमध्ये) लोखंड वितळतं, वितळताना चारेक टक्के कार्बन पिऊन घेतं आणि पोलाद करताना तो पुन्हा काढावा लागतो. थेट क्षपणात वितळणंच नाही. लोखंडाचा वितळबिंदू 1538 अंश सेल्सिअस. हे काम साधारण 800 ते 900 अंशांत उरकतं. आणि नैसर्गिक वायू बहुधा आहे तसा वापरत नाहीत. त्यातल्या मिथेनपासून आधी हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतात, ऑक्सिजन ओढून घेतात ते हे दोघे.

राहिलं ‘लोह निर्मिती’. जोडून लिहा, हे एक. दुसरं, उद्यमनगरात हे वाचणारा लगेच विचारणार, कसलं लोखंड? बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नव्हे. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागी पोकळ्या राहतात, म्हणून हे स्पंज आयर्न. बाजारात हाच शब्द चालतो, त्याचं ‘छिद्रलोह’ वगैरे करायच्या फंदात पडू नये. ‘कच्चं लोखंड’ तर नकोच. खनिज म्हणायचंय की झोतभट्टीतलं पिग आयर्न, याचा पत्ता लागत नाही.

तेव्हा असं लिहा: ‘नैसर्गिक वायूच्या साहाय्याने लोहखनिजाच्या चुऱ्याचे थेट क्षपण करून स्पंज आयर्न तयार केले जाते.’ माहितीपत्रकात जागा कमी असेल तर ‘च्या साहाय्याने’ काढून नुसतं ‘वायूने’ केलं तरी अर्थाला धक्का लागत नाही.