पोराला अमेरिकेत ‘फुकट’ आयफोन मिळतोय, घेऊ द्यावा का?

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांनाही विषय कळावा म्हणून थोडक्यात आधी तोच लिहितो. मुलगा जानेवारीच्या इंटेकला डॅलसला एमएसला गेलाय, ३८ लाखांचं एज्युकेशन लोन आहे ११ टक्क्यांनी, तुम्ही नाशिकच्या सातपूरला कंपनीत, रिटायरमेंटला सहा वर्षं उरलीत. इथून एमजी रोडवरून घेऊन दिलेल्या फोनला तिकडे धड रेंज येत नाही म्हणून तो तिथल्या मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये गेला, तर त्यांनी सांगितलं की आयफोन १७ फुकट, फक्त ८५ डॉलर महिन्याचा अनलिमिटेड प्लॅन घ्या आणि ३६ महिने राहा. तुम्ही विचारलंय की घेऊ द्यावा का, आणि मे महिन्यात सुट्टीला येताना वहिनींसाठी पण एक तिकडूनच आणायला सांगावा का.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही जवळपास नाहीच, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी हे फुकट म्हणजे नक्की काय ते समजून घ्या, कारण तिकडे हे सगळीकडे असंच चालतं आणि आपल्याकडे जिओ-एअरटेलचं सिम वेगळं आणि फोन वेगळा घ्यायची सवय असल्यामुळे आपल्या पोरांच्या ते पटकन लक्षात येत नाही. स्टोअरने फोनची किंमत ८३० डॉलर सांगितलीय ना, ती माफ झालेली नाहीये, ती तुमच्या मुलाच्या नावावर उधार लिहिली जाते, ३६ हप्ते, महिन्याला २३ डॉलरच्या थोडं वर. मग दर महिन्याच्या बिलात कंपनी तेवढीच रक्कम क्रेडिट म्हणून वजा करते. म्हणजे जोपर्यंत तुम्ही त्यांच्याकडे त्याच प्लॅनवर आहात तोपर्यंत फोन फुकट, आणि मध्येच सोडलंत की क्रेडिट बंद आणि उरलेली उधारी लगेच भरा. शिवाय सेल्स टॅक्स पूर्ण किमतीवर पहिल्याच दिवशी, टेक्सासमध्ये तो ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ‘फुकट’ फोनवर ६८ डॉलर काउंटरवरच गेले, वर कनेक्शन चालू करायची फी साधारण ३५.

नाशिककरांना हे मिसळीच्या भाषेत लगेच कळेल. रस्सा अनलिमिटेड, पाव मात्र मोजून. रस्सा संपवायच्या नादात आपण दोन पाव जास्त मागवतो, बिल पावाचं येतं. इथे फोन म्हणजे रस्सा आणि ८५ डॉलरचा प्लॅन म्हणजे पाव.

आता आकडे. डॉलर हिशोबाला ९० रुपये धरलाय, तुमच्या बँकेचा रेट थोडा इकडेतिकडे असेल. फुकटवाली ऑफर घेतली तर ८५ गुणिले ३६ म्हणजे ३,०६० डॉलर, अधिक टॅक्स आणि फी, एकूण ३,१६३. आता समजा त्याने तोच आयफोन रोख घेतला, पूर्ण ८३० देऊन, टॅक्स धरून ८९८, आणि त्यात प्रीपेड प्लॅन टाकला. तिकडे मोठ्या कंपन्यांच्याच टॉवरवर चालणाऱ्या स्वस्त प्रीपेड कंपन्या आहेत, व्हेरायझनच्या नेटवर्कवर व्हिजिबल, टी-मोबाइलच्या नेटवर्कवर मिंट, त्यांच्याकडे महिना २५ डॉलरच्या आसपास एका विद्यार्थ्याचं आरामात भागतं. ३६ महिन्यांचे ९०० डॉलर, फोनसकट १,७९८.

परत वाचा दादा. फोन फुकट घेतला तर ३,१६३ आणि फोन विकत घेतला तर १,७९८. फरक १,३६५ डॉलरचा, म्हणजे १ लाख २२ हजार रुपयांच्या वर. मी पण पहिल्यांदा हा हिशोब एका क्लायंटच्या मुलीसाठी केला होता तेव्हा कॅल्क्युलेटर दोनदा मारून बघितला होता.

प्रीपेडमध्ये खोट आहे का? आहे थोडी. गर्दीच्या ठिकाणी, स्टेडियम वगैरे, त्यांचं नेट आधी स्लो होतं कारण पोस्टपेडवाल्यांना आधी जागा देतात. कॉलेज, रूम आणि लायब्ररी तिन्हीकडे वायफाय असलेल्या पोराला त्याने काय फरक पडतो तुम्हीच सांगा.

आणि आयफोनच हवा असं कुठे आहे. गूगलचा पिक्सेल ९ए तिकडे ४९९ डॉलरला लाँच झाला, कंपनी सात वर्षं अपडेट देणार म्हणते, टॅक्स धरून ५४०, प्रीपेड मिळून ३६ महिन्यांत १,४४०. सॅमसंगचा ए१६ तर २०० डॉलरला लाँच झाला होता आणि त्याला सहा वर्षं अपडेट, फक्त तो हळू वाटेल, कोडिंगवाल्या पोराला वैताग येईल. माझं मत विचाराल तर पिक्सेल. पण मुलगा आयफोनसाठी अडून बसला असेल तर बसू दे, रोख घेतला तरी तुमचे सव्वा लाख वाचतायत, तेवढ्यावरून घरात भांडण नको.

पैशाइतकीच मला दुसऱ्या एका गोष्टीची काळजी वाटते, ती म्हणजे लॉक. एटी अँड टी आणि टी-मोबाइल या तिकडच्या मोठ्या कंपन्या हप्त्यावरचा फोन पूर्ण पैसे फिटेपर्यंत लॉक ठेवतात, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालतच नाही, आपलं इंडियाचं पण नाही. आता आठवा, लोनच्या बँकेचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो? मुलाच्या इथल्या नंबरवर. तो नंबर रोमिंगवर जिवंत ठेवून त्याच फोनमध्ये दुसरं सिम म्हणून असेल तर ओटीपी येतो, काम होतं. लॉक फोनमध्ये ते जमत नाही, मग जुना फोन फक्त ओटीपीसाठी चार्ज करून ठेवायचा, आणि तो नेमका हवा तेव्हा डिस्चार्ज. सुट्टीत नाशिकला आल्यावर पण तेच, इथलं सिम टाकून फिरता येणार नाही.

तुमच्या वयाच्या लोकांना २००३ चा रिलायन्सचा मान्सून हंगामा आठवत असेल. ५०१ रुपयांत हातात फोन, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून, आणि फोन दुसऱ्या कंपनीवर चालायचा नाही. आयडिया नवीन नाहीये, फक्त आकडे डॉलरमध्ये गेलेत.

शिवाय ३६ महिने. एमएस दोन वर्षांचं. त्यानंतर नोकरी कुठल्या शहरात, व्हिसाचं काय, आज कोणालाच माहीत नाही. २४ महिन्यांनी परत यायची वेळ आली तर १२ हप्ते, सुमारे २७७ डॉलर, एकदम भरायचे, आणि ते अशा वेळी जेव्हा पोराच्या हातात पगार नाहीये.

तिकडे त्याचं सिबिलसारखं काही रेकॉर्ड अजून तयार झालेलं नाहीये हे पण आहेच. कॅम्पसवर काम मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख नंबर) येईल, तोपर्यंत पोस्टपेडवाले बऱ्याचदा डिपॉझिट मागतात किंवा फोनची काही रक्कम आधी भरायला लावतात. स्टोअरमधल्या माणसाने हे सांगितलं का, विचारा. प्रीपेडला हे काही लागत नाही.

एका परिस्थितीत मात्र माझं मत बदलेल. चार रूममेट मिळून फॅमिली प्लॅन घेत असतील तर माणशी खर्च खूप खाली येतो. समजा ४५ डॉलर पडले, तर ३६ महिन्यांचे १,६२०, टॅक्स-फी धरून १,७२३, म्हणजे रोख आयफोन आणि प्रीपेडपेक्षा ७५ डॉलर कमीच. कागदावर बरोबर आहे. पण खातं एकाच्या नावावर असतं, आणि बाकीचे तिघं पास होऊन तीन शहरांत पांगले आणि एकाने पैसे देणं थांबवलं तर कंपनी त्या एकालाच धरते. तो एक तुमचा मुलगा नसेल तर घ्यायचा विचार करा. तुमचाच असेल तर नको.

८५ वरून २५ वर आलात की महिन्याला ६० डॉलर, ५,४०० रुपये सुटतात. तुमच्या लोनचं व्याज सध्या महिन्याला ३४-३५ हजार होतंय. ते तुम्ही आत्तापासून थोडं थोडं भरताय असं लिहिलंय, फार चांगलं करताय, तर हे ५,४०० त्यातच टाका, व्याजाचा सहावा-सातवा हिस्सा तिथेच निघाला. फोन रोख घ्यायचे पैसे मात्र इथल्या क्रेडिट कार्डवरून देऊ नका, परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो आणि वर त्यावर जीएसटी. मुलाच्या तिकडच्या खात्यात जे पैसे आहेत त्यातूनच घेऊ दे.

घेण्याआधी त्याने एक करायचं. आहे त्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढायचा आणि प्रीपेड कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा. आपल्याकडच्या फोनमध्ये तिकडचे काही बँड (नेटवर्कच्या फ्रीक्वेन्सी) नसतात, टी-मोबाइलचा ७१ नंबरचा तर बहुतेक स्वस्त फोनमध्ये नसतोच, आणि एटी अँड टी तर ठरावीक मॉडेलच चालवते. पण एका नेटवर्कवर रेंज नाही म्हणजे दुसऱ्यावरही नसेल असं नाही. कोणास ठाऊक, २५ डॉलरचं दुसरं सिम टाकून जुन्याच फोनवर वर्ष निघून जाईल.

आता वहिनींचा फोन. आयफोन १७ आपल्याकडे ८२,९०० ला लाँच झाला. तिकडून आणला तर टॅक्स धरून ७८ ते ८१ हजार पडतो, म्हणजे वाचले दोन ते पाच हजार. आणि अमेरिकेतल्या आयफोनला २०२२ च्या १४ पासून सिमचा ट्रेच नाहीये, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, पण फोन बिघडला की सिम काढून दुसऱ्यात टाकलं हे वहिनींना करता येणार नाही. इथे कार्डवर चार-पाच हजारांची सूट मिळते तेव्हा कॉलेज रोडवरून पक्कं बिल घेऊन घ्या, तेवढ्यातच पडेल.

मुलाने स्टोअरमध्ये अजून सही केली नसेल असं धरून हे लिहिलंय. केली असेल तरी घाबरू नका, फोन परत करायला कंपनीनुसार १४ ते ३० दिवस मिळतात, रीस्टॉकिंगचे, म्हणजे फोन परत घ्यायच्या फीचे, काही डॉलर कापतील पण सुटका होते. मेसेज टाकून वाट बघत बसू नका, आज रात्री आठला फोनच लावा, तिकडे सकाळ असते, स्टोअर उघडायच्या आत बोलणं होईल.